गिरजा घोरपडीची दुसरी गाठ

एका जंगलात, बाळांनो, गिरजा नावाची घोरपड राहत होती. तिच्या गळ्यात गाठ आली. आवळ्याएवढी.

जंगलात किरणांचं यंत्र होतं. ते डॉक्टर पिंगळे चालवत. हे घुबडांपैकीच, पण अंगानं लहान. त्यांनी गाठ दाबून पाहिली आणि सरळ सांगितलं की ही कॅन्सरची आहे, पण तीस दिवस किरण दिले तर जाईल. थोडे किरण आजूबाजूला सांडतात. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनी शंभरातल्या एखाद्याला दुसरी गाठ येऊ शकते. म्हणून ते मान जागच्या जागी धरणारा मापाचा मुखवटा करणार होते आणि नेम बारीक धरणार होते.

गिरजाला पटलं. पण समितीची सही लागत होती.

धोका-निवारण समितीच्या अध्यक्ष होत्या टिटवीबाई. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणाऱ्या. यापेक्षा लायक कोण मिळणार? त्यांनी विचारलं, शंभरातली ती एक घोरपड कोणती? पिंगळे म्हणाले, आधी सांगता येत नाही. मग समितीनं शंभर घोरपडी मोजायला घेतल्या. जंगलात सातच निघाल्या. त्र्याण्णव सरडे भरती करावे लागले. त्यात दोन महिने गेले. गाठ लिंबाएवढी झाली.

मग उपाय ठरला. गिरजाला शेपटीपासून डोक्यापर्यंत शिशाच्या पत्र्यात गुंडाळावं. पिंगळे म्हणाले, गळा तेवढा उघडा ठेवा, किरण तिथंच तर द्यायचेत. डॉक्टर धोक्याच्या बाजूनं बोलतात, अशी टिटवीबाईंनी नोंद केली. शेवटी ठराव झाला: किरण द्यावेत, पण त्या वेळी गिरजानं घरी थांबावं.

तीस दिवस यंत्र रिकाम्या टेबलावर चाललं. गिरजाला 'शून्य धोका' असं प्रमाणपत्र मिळालं. गाठ कवठाएवढी झाली. तिला अंडं गिळवेना. मग पाणीही थेंबाथेंबानंच जाऊ लागलं.

ती कशीबशी समितीच्या कचेरीत गेली. भिंतीवर शून्य धोकावाल्यांची यादी होती. पहिलंच नाव शेजारच्या साळिंदराचं.

"दगडूभाऊ तर मागच्या थंडीत गेले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"गेले," टिटवीबाई म्हणाल्या. "पण पहिल्या गाठीनं. दुसरी आम्ही येऊ दिली नाही."

गिरजानं यादी खालपर्यंत वाचली. हाक मारली तर ओ देईल असं त्यात कुणी उरलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "वीस वर्षांनी दुसरी गाठ यायची तर येऊ दे. तेवढं जगायची मला फार इच्छा आहे."

अशा इच्छेसाठी समितीकडे छापील अर्ज नव्हता.

गिरजा तडक यंत्राकडे गेली आणि टेबलाला चिकटली. समितीनं चार रानडुकरं लावून ओढलं. टेबल उखडायला आलं, घोरपड सुटेना.

पिंगळ्यांनी मुखवटा बसवला. नेम तीनदा तपासला. एवढ्या मोठ्या गाठीची आता खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. गिरजानं मान हलवली नाही. मुखवट्यात हलवायची नसते.

चाळिसाव्या दिवशी तिनं घोटभर पाणी गिळलं. पुढं अंडंही. आवाज मात्र घोगराच राहिला.

समितीनं नवी वही काढली, 'धोक्यातील रुग्ण'. तीत गिरजा एकटीच. ती दरवर्षी तपासणीला जाते. टिटवीबाई दरवर्षी तिला धडधाकट बघून हळहळतात.

तात्पर्य: दूरचा धोका टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे तिथवर न पोचणं. तेव्हा बाळांनो, शहाण्यानं वेळेत मरावं. उगाच जगून समितीचे आकडे बिघडवू नयेत.