वझलवारचा मारवा

वझलवारच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा-पाणी विचारायच्या आधी त्याने ओठांवर बोट ठेवलं. "बसून घे. चालू आहे."

चालू होतं ते मारामारीच्या व्हिडिओ गेमचं मशीन. माणसाएवढं उंच, दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून खेळायचं, आपल्याकडे पार्लरमध्ये असायचं तसलं. डॉट-कॉमचा फुगा फुटला, सांता क्लारातली ऑफिसं ओस पडली, त्यात कोपऱ्यावरचं पिझ्झाचं दुकान बंद झालं. तिथून त्याने हे धूड घरी आणलं होतं. घरात सोफा नव्हता, टीव्ही नव्हता, बायको तर नव्हतीच.

गंमत म्हणजे तो ते खेळत नसे. दोन्ही बाजूंची बटणं दाबून लढत सुरू करायचा आणि समोर सतरंजीवर मांडी घालून बसायचा. पडद्यावर एक काळोखी गुहा आणि तीत दोन पहिलवान, एकमेकांसमोर नुसते उभे. श्वास घेत, जागच्या जागी डुलत, कोणीतरी आपल्याला हलवेल याची वाट बघत. वेळ संपायची, कोणीच जिंकायचं नाही, आणि पुन्हा तेच दोघे उभे. भर दुपारी पडदे ओढलेल्या त्या खोलीत ते डुलणं बघवायचं नाही.

वझलवार बघत नव्हताच. तो मागचं संगीत ऐकायचा. मांडीवर ताल धरून, डोळे मिटून.

"हा मारवा आहे," तो मला म्हणाला. "ऐक नं. बिचाऱ्याला सा सापडूनच नाही राहिला."

मी पुण्याचा. गाण्यातलं काही कळत नसताना मान डोलवायची सवय लहानपणापासूनची. मी डोलवली. मला ऐकू येत होती ती खरखर.

आमच्या इथल्या मराठी मंडळात त्याची बरीच टर उडायची. गणपतीत मशीनची बैठक ठेव, असं कोणी म्हणालं, तर त्याने ते मनावर घेतलं. "मशीन हलवलं तर आवाज हलतो यार. रिस्क नाही घेत मी."

"कोणाचा आवाज?" मी नंतर विचारलं.

"मिलिंदचा."

मिलिंद त्याचा धाकटा भाऊ. नागपुरात दोघांनी हाच गेम खेळून शाळा बुडवली होती. वझलवार इकडे आल्यावर मिलिंद आजारी पडला. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलास तर व्हिसा अडकेल, परत येता येणार नाही. वझलवार थांबला. मिलिंद थांबला नाही.

"गुहेत झांज वाजते नं, त्याच्या मागं येतो. 'दादा, ये नं.'" त्याने माझा चेहरा न्याहाळला. "'ये ना' नाही. 'ये नं'. आता या गेमवाल्यांच्यात 'नं' कोण म्हणेल, सांग."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पुढे खरखर वाढली आणि संगीत बुडायला लागलं. एक म्हातारा मेकॅनिक येऊन बघून गेला. स्पीकरचा पडदा फाटलाय, म्हणूनच नाही नाही ते आवाज येतात, म्हणाला. बदलला नाही तर मशीन मुकं होईल. वझलवारचं जेवणावरून मन उडालं. मुकं झालं तर मिलिंद गेला, आणि स्पीकर बदलूनही गेलाच तर?

शेवटी त्याने स्पीकर बदलून घेतला आणि मला बोलावलं. एकट्याने ऐकायची त्याला भीती वाटत होती. मलाही वाटत होती, त्याच्यासाठी.

त्याने लढत लावली. स्वर धुऊन काढल्यासारखे स्वच्छ आले. झांज वाजली. आणि माझ्या अगदी कानाशी, कोवळ्या, कुरकुरत्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "दादा, ये नं."

मी दचकून शेजारी पाहिलं. वझलवार पुढे वाकून अजून वाटच बघत होता. पहिलवान डुलत होते. मग त्याचे खांदे पडले.

"गेला यार. काहीच नाही."

"आला होता," मी म्हणालो.

मी थट्टा करतोय का, हे तो बराच वेळ बघत राहिला. "'नं' म्हणाला?"

"'नं' म्हणाला."

"आवाज कसा होता? बरा वाटला?" तापातल्या माणसाची चौकशी करावी तसं त्याने विचारलं.

"बरा वाटला. थोडा रागावल्यासारखा."

"रागावणारच." त्याने सतरंजीवरून सरकून माझं मनगट घट्ट धरलं. झांजेची जागा पुन्हा जवळ येत होती. "तुला ऐकू येतो तर तू बोल नं त्याच्याशी. त्याला सांग, दादा घाबरला होता."