बारा फुटांवरचे वेंकोजीराव

वेंकोजीरावांशी बोलायचं असलं की आधी बारा फूट लांब जावं लागायचं. तुम्ही नाही गेलात तर ते जायचे. "नमस्कार अण्णा" म्हणत तुम्ही एक पाऊल पुढं टाकलंत की ते एक पाऊल मागं. तुम्ही आणखी एक, ते आणखी एक. बघणाऱ्याला वाटावं, तुम्हाला देवी आल्यात. शेवटी पाठ भिंतीला टेकली की हात वर करून म्हणायचे, "स्वल्प मागं सरा की. धूसर दिसताय."

डोळे त्यांचे ठणठणीत होते. भानगड भिंगाची होती.

त्यांचा भाचा सदू बोटीवर इंजिनिअर. त्यानं जपानच्या बंदरातून मामासाठी एक कॅमेरा आणला आणि त्याच्यावर बसवलेलं हे भिंग. भिंग कसलं, दुधाची किटलीच म्हणा. तोंड एवढं रुंद की अंधारून आलं तरी फोटो निघायचा. वर नळी पुढंमागं सरकवायची सोय. नळी ओढली की बेंगळुरातल्या लालबागच्या त्या टोकाचा माळी एकदम समोर येऊन उभा. मिशीतला पांढरा केस मोजून घ्या. फक्त एकच अट होती. समोरचा माणूस बारा फुटांच्या आत आला की त्याचा ढग व्हायचा. जवळचा फोटो काढायला साधं भिंग लागतं, ते सदूनं आणलंच नव्हतं. म्हणाला, बोट सुटत होती.

सात-आठ वर्षं ती किटली अण्णांच्या गळ्यात. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलेला. माणसं बायकोबरोबर राहून राहून तिच्यासारखी दिसायला लागतात, अण्णा बिनलग्नाचे, ते भिंगासारखे झाले होते. त्यांनाही बारा फुटांच्या आतलं काही दिसेना.

आणि असा माणूस राहायचा कुठं, तर चिकपेटेतल्या आठ फुटी गल्लीत.

मी निपाणीचा. शाळा तिकडंच झाली, अभ्यासात यथातथा, पण हेडमास्तरांपासून शाळेच्या घंटेपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. बेंगळुरात एका कारखान्यात कारकुनी मिळाली आणि अण्णांच्या घराची बाहेरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी अण्णांनी घराचे नियम सांगितले ते समोरच्या शेट्टींच्या बांगड्यांच्या दुकानात आत, पार मागच्या भिंतीला टेकून. मी आमच्या उंबऱ्यावर. मधून गल्लीतले लोक, सायकली, एक म्हैस. "नळाचं पाणी सकाळी," अण्णा तिकडून ओरडले, "म्हैस जाऊ दे, मग सांगतो." शेट्टींच्या गिऱ्हाइकांना माझ्या खोलीचे सगळे नियम पाठ झाले.

लग्नांत अण्णांना फार मागणी. एक तर घरचा माणूस, दुसरं म्हणजे नाही म्हणायचे नाहीत. ग्रुप फोटोला मंडळी कार्यालयाच्या पायऱ्यांवर आणि अण्णा रस्त्यापलीकडे. त्यांचा आवाज पोचायचा नाही, म्हणून मला मध्ये उभं करायचे. मी हुबेहूब त्यांच्या आवाजात पुढं द्यायचो, "आत्याबाई, स्वल्प डावीकडं. नवरदेव, पोट आत. सरी, आता बरोबर." एकदा नेमकं बटण दाबताना मधून बस गेली. फोटोत ना नवरा ना नवरी. दारात लटकलेला कंडक्टर मात्र असा स्वच्छ आलेला की शर्टाचं तुटकं बटणसुद्धा दिसत होतं. नवरीच्या बापानं कपाळाला हात लावला. अण्णांनी तो फोटो नेऊन कंडक्टरला दिला. तेव्हापासून त्या बसमध्ये भिंगाला बसायला जागा मिळायची आणि अण्णा उभे.

रविवारी आम्ही पाखरांच्या फोटोला बेळ्ळंदूरच्या तळ्यावर जायचो. भाताची शेतं, चिखल, पलीकडच्या काठावर बगळे. तिथं अण्णा खुशीत असायचे. बगळा कधी जवळ येत नाही.

जवळ यायची ती अक्का.

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, सदूची आई. नवरा गेल्यावर लहानग्या सदूला घेऊन भावाकडे आली ती तिथंच राहिली. ठेंगणी, गोल, पायांत चाकं. घरात ती एकटीच बारा फुटांचा कायदा मानायची नाही. अण्णा मागं सरायचे, ती पुढं यायची. हातात कधी कॉफीचा लोटा, कधी स्वेटर, कधी नुसतंच, "वेंकू, कानाला काय लागलंय रे, बघू." अण्णा अंगणात मागं मागं जात विहिरीच्या कट्ट्याला अडायचे आणि तिथं कॉफी प्यायचे.

भिंगावरही तिचं प्रेम होतं, तिच्या पद्धतीचं. पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून अण्णा ते फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. अक्का रोज भात घालताना आधी भिंग काढून कडेवर घ्यायची, तांदूळ मोजायची, परत झोपवायची. एकदा तिला त्याची पितळी कडी काळवंडलेली दिसली. तिनं चिंच लावून लख्ख घासली. अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कडी बाकी चमकतेय. आं?"

मग सदूचं पत्र आलं. बोट सोडून तो विशाखापट्टणला बंदरातच नोकरीला लागला होता. घर मिळालं, मुलगा झाला. आईला कायमचं न्यायला येतो म्हणाला.

अण्णा शेट्टींच्या दुकानात जाऊन उभे राहिले. मी उंबऱ्यावर.

"काढला पाहिजे रे," ते म्हणाले.

"काय?"

"अक्काचा फोटो. एकही नाही माझ्याकडं."

मला खरं वाटेना. कंडक्टरचा आहे, माळ्याचा आहे, बगळ्यांचे तर ट्रंकभर. अण्णांनी ट्रंकेतून एक पाकीट आणून शेट्टींच्या गादीवर ठेवलं, मी बघायला जाताच स्वतः आमच्या उंबऱ्यावर गेले. पाकिटात सगळे ढग. पांढरा ढग, निळ्या लुगड्याचा ढग, एका ढगात लोट्याची चकाकी. प्रत्येक वेळी अण्णांनी नेम धरला होता आणि प्रत्येक वेळी अक्का चालत आली होती.

"स्टुडिओत नेऊ या की," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम."

अण्णा असे बघत राहिले की शेट्टींनीच मला गप्प केलं. "अय्यो, सुम्ने इरू," म्हणाले. "गप बस. दुसऱ्यानं काढायचा होय अक्काचा फोटो?"

लागलो कामाला. पहिल्यांदा अंगणात. अक्काला तुळशीपाशी उभी केली, नवं लुगडं नेसवून. अण्णा मागं मागं परसदारापर्यंत. नेम धरला. अक्का म्हणाली, "अनवाणी उभा आहेस होय रे ओल्यात?" आणि चपला घेऊन निघाली. ढग.

मग लालबागेत. तिला बाकावर बसवली आणि पहाऱ्याला मला शेजारी. अण्णा चालत चालत लांब गेले, झाडाखाली उभे राहिले. अक्काची चुळबुळ सुरू झाली. "डबा माझ्याकडंच राहिला की. सकाळपासून उपाशी आहे तो." मी तोंड वळवून अण्णांच्या आवाजात हाक दिली, "अक्का, हलू नको, स्वल्प बस." आमचे हेडमास्तरसुद्धा फसले असते.

अक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "तुझं पोट भरलेलं आहे, कळतंय आवाजात. वेंकूचा भुकेचा आवाज वेगळा." आणि दहीभाताचा डबा घेऊन तरातरा निघाली. अण्णा मागं सरता सरता झाडाला आपटले. भात मात्र दोघांनी तिथंच बसून खाल्ला, ती त्यांच्या ताटलीत वाढत, ते किटली मांडीवर घेऊन.

सदू आला. बांधाबांध झाली. बघता बघता मद्रासमार्गे जायच्या गाडीचा दिवस उजाडला.

स्टेशनवर अण्णा फलाटाच्या पार मागच्या भिंतीला, वजनकाट्याशेजारी उभे. लोक मधून जात होते. मी आणि सदूनं अक्काला खिडकीत बसवली. तिनं पिशवीतून कोडबळ्यांचा डबा काढला, उठायला गेली. सदू म्हणाला, "आई, बस आता. गाडी सुटेल." तिनं डबा गजातून माझ्या हातात दिला. "तू दे त्याला. तो काय जवळ यायचा नाही. आणि कॉफी तापवून दे, गार झाली तरी पितो, सांगत नाही."

शिट्टी झाली. अक्कानं उठण्यासाठी गज धरले, पण उठून जायला वाट नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती समोर होती आणि पुढं येत नव्हती.

मी वळून पाहिलं. किटली अण्णांच्या डोळ्याला लागलेली. खट्. एकच आवाज. गाडी हलली. अण्णांनी भिंग खाली घेतलं नाही. गाडी जशी पुढं जाईल तशी त्यांच्या डाव्या हातातली नळी हळूहळू सरकत होती. मग नळी थांबली. गार्डाचा डबा गेला, हमाल पांगले, तरी ते तसेच. कोणीतरी वजन करायला आलं, त्यानं "बाजूला व्हा" म्हटलं तेव्हा हलले.

परतताना रस्त्याच्या त्या फुटपाथवरून ते, ह्या फुटपाथवरून मी. चालता चालता ते तिकडून म्हणाले, "लहान होऊ दिली नाही मी तिला. गाडी गेली तरी तेवढीच ठेवली. मग नळी संपली."

मी अक्काचा कोडबळ्यांचा डबा उंच करून त्यांना दाखवला.

फोटो धुऊन आला. काय सांगू, असा फोटो मी आजवर पाहिलेला नाही. नाकातली चमकी, कपाळावरची आठी, गजावरची बोटं, सगळं लख्ख. अण्णांनी तो उन्हात धरून पाहिला, "सरी" म्हणाले आणि जपून कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात भिंगाशेजारी ठेवून दिला.

मला वाटलं, चौकट करायला दिली की भिंतीवर लावतील. चौकट आलीही. संध्याकाळी कामावरून आलो तर स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली. बघतो तर आत ढग. निळं लुगडं अर्धवट, बाकी सगळं धुकं आणि मध्ये लोट्याची चकाकी.

मी कॉफी तापवली होती, ती घेऊन गेलो. म्हणालो, "अण्णा, चुकून भलताच लावलात. चांगला डब्यातच राहिला."

"चुकून नाही."

आवाज कानाशी आला म्हणून मान वळवली. अण्णा माझ्या शेजारी उभे होते. हातभर अंतरावर. लोटा त्यांनी माझ्या हातातून घेतला, मागं सरले नाहीत.

"त्या फोटोत ती चाललीय," ते म्हणाले. "ह्यात येतेय."