खिट्टी उपलब्ध नाही

वस्तू बिघडणे ही नैसर्गिक घटना असून ती दुरुस्त होणे हा अपवाद आहे. 'दुरुस्ती सुरू असणे' ही मात्र वस्तूची सर्वांत स्थिर, सुरक्षित आणि कुटुंबमान्य अवस्था होय. माझी एअरसॉफ्ट शॉटगन (खेळातली बंदूक, हिच्यातून प्लास्टिकचे छर्रे सुटतात आणि लागलेला माणूस मरत नाही, नुसता आउट होऊन बाकावर जाऊन बसतो) बराच काळ या अवस्थेत सुखाने नांदत होती.

बंदुकीचे बाकी सगळे भाग ठणठणीत होते. तुटली होती फक्त खिट्टी. पुढची मूठ मागे ओढली की आतला दट्ट्या मागे जातो, आणि चाप दाबेपर्यंत त्याला अडवून धरते ती ही नखाएवढी खिट्टी. ती नसली की बंदुकीचा सायकलचा पंप होतो. (तोही उपयोग करून पाहिला. हवा भरत नाही.) खिट्टी तुटण्याचे अधिकृत कारण 'धातूचा थकवा' असे आहे. अनधिकृत कारण असे की, टेकडी चढताना मी घसरलो आणि माझ्या देहाचा बराचसा भाग तिच्यावर बसला.

टेकडीवर मी गेलो मुलीमुळे. एकाच मॉडेलच्या दोन बंदुका आम्ही एकाच दिवशी घेतल्या. हौस तिची, माहिती तिची. 'मलाही एक द्या' एवढं वाक्य तेवढं माझं. दर रविवारी बंद कारखान्यामागच्या टेकडीवर सामना व्हायचा. ती सरसर वर जायची आणि मी अर्ध्या वाटेवर कमरेवर हात ठेवून टेहळणी करायचो. (टेहळणी म्हणजे धापा टाकणे.) दोन वेळा ती मला शोधायला खाली आली आणि त्या नादात आउट झाली. दोन्ही वेळा ती हसत बाकावर जाऊन बसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा वेळी खिट्टी तुटली, हे खिट्टीचे माझ्यावरचे उपकारच म्हणायचे.

कंपनीने ते मॉडेल बंद केले होते. माझ्या अर्जाला उत्तर आले, 'आपली मागणी आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे.' मी स्वतः लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या लोकांना 'काम सुरू आहे' असे नम्रपणे कळवणे हे माझे खाते. त्यामुळे हे वाक्य कुणा मुरलेल्या माणसाचे आहे हे मी ओळखले आणि मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

पुढे मी 'खिट्टी प्रतीक्षा मंडळा'त दाखल झालो. याच मॉडेलची बंदूक असलेल्यांचा हा फोनवरचा ग्रुप. संस्थापक एक दातांचे डॉक्टर आहेत. मंडळाची पाहणी अशी: शंभर टक्के सभासदांची खिट्टीच तुटलेली आहे, आणि शंभर टक्के सभासदांकडे बाकीचे सर्व भाग मुबलक आहेत. सुटे भाग मिळावेत म्हणून प्रत्येकाने आणखी एक मोडकी बंदूक घेतली. तिचीही खिट्टी तुटलेलीच निघाली. (मोडकी असण्याचे तेच तर कारण होते.) एका उतावळ्या सभासदाने लेथवाल्याकडून खिट्टी घडवून घेतली आणि बंदूक चालूही केली. 'ओरिजिनल नाही' असा ठराव करून आम्ही त्याला निरोप दिला. चालू बंदूकवाल्याचे आमच्यात काय काम?

घरात जेवणाच्या टेबलाचे एक टोक दुरुस्तीकडे गेले. वाट्यांमध्ये स्क्रू, ताटलीत नळी, स्प्रिंग मीठदाणीशेजारी. मी रोज संध्याकाळी तिथे भिंग घेऊन बसायचो. भिंगातून काय दिसायचे, तर खिट्टी नाही हे दिसायचे.

"अहो, निदान वाट्या तरी मोकळ्या करा," बायको म्हणायची. "पाहुणे स्टीलच्या पेल्यातून आमटी पितात."

आणि मुलगी शनिवारी विचारायची, "बाबा, उद्या येतोस ना?"

"पार्ट आला की येतो," मी म्हणायचो. वाक्य इतके पाठ झाले होते की एकदा तिने नुसते "बाबा" म्हटले, तरी मी तेच उत्तर दिले. तिला पाणी हवे होते.

मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. "या रविवारी माझा शेवटचा सामना," ती म्हणाली. "येच तू. खिट्टीचं बघते मी."

मी गालातल्या गालात हसलो. जिथे डॉक्टरांनी हात टेकले, तिथे ही काय करणार?

शुक्रवारी घरी आलो तर सगळ्या वाट्या धुऊन फडताळात गेल्या होत्या. टेबलावर माझी बंदूक अखंड. "ओढून बघ," मुलगी म्हणाली. मी मूठ ओढली. खट् आवाज झाला. दट्ट्या अडकला. मी भिंग लावून पाहिले, खिट्टी होती.

"कुठून आणलीस?"

"माझ्या बंदुकीतून काढली. मी मैत्रिणीची घेईन. आता ये."

इतकी सरळ युक्ती मंडळात कुणालाही सुचली नव्हती, कारण तीत कुणाला तरी काहीतरी द्यावे लागत होते.

रविवारी सकाळी मी तयार झालो. बूट घातले. आणि उजव्या बुटाचा तळ पुढून किंचित सुटलेला मला आढळला. सुरक्षेच्या दृष्टीने ही बाब गंभीर होती. त्या विशिष्ट तळाला लागणारा विशिष्ट गोंद बाजारात उपलब्ध नाही, हे मी तिला सविस्तर समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "बरं," म्हणाली आणि गेली. मी बाल्कनीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिलो. बूट चांगले होते.

आता ती तिकडे असते. माझी बंदूक उत्तम चालते. रोज ओढून पाहतो. परवा फोनवर विचारले, "घरी कधी येतेस?"

"माझी बंदूक बंद आहे ना," ती हसत म्हणाली. "पार्ट आला की येते."

"तुझी खिट्टी तुला परत बसवून देतो."

"मग तुझी बंद पडेल. तुला तेवढंच हवंय. दोन्ही चालू पाहिजेत, बाबा."

तेव्हापासून मी खिट्टी शोधतो आहे. खरोखर शोधतो आहे. फार वेगळाच अनुभव आहे. लेथवाल्याकडेही जाऊन आलो. त्याचे दुकान सध्या बंद असून 'काम सुरू आहे' अशी पाटी आहे.

मंडळात विचारले. सर्वांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. म्हणून आता आपणांस विनंती करतो. आपल्या घरीही एक ड्रॉवर असेलच. मिळेल तेव्हा लावू म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा. तेवढा एकदा उघडून पाहावा. खिट्टी दिसली तर कळवावे. न दिसल्यास, ड्रॉवर उघडलाच आहे तर, आपण कुणाला 'पार्ट आला की येतो' म्हणून ठेवले आहे तेही पाहून घ्यावे.

सवडीने पाहिले तरी चालेल. घाई नाही, असे आपण म्हणणार हे मला ठाऊक आहे.