सात उपासांची मावशी

आमच्या शेजारच्या सीतामावशीला मी कधी जेवताना पाहिलं नव्हतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार पांडुरंगाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवार तरी मोकळा असेल म्हणून एकदा भरीत-भाकरी घेऊन गेलो, तर म्हणाली, "आज सूर्यनारायणाचा, भाऊ. मले निरंकार उपास आहे." निरंकार म्हणजे तिच्या लेखी दोन कप चहा आणि अर्धं केळं. उरलेलं अर्धं ती मला द्यायची, आणि मी नको म्हटलं की रागवायची.

बाई मोठी बोलकी. कोणाच्या घरी फोडणी करपली ते तिला ओसरीवर बसून कळायचं आणि ती तिथूनच ओरडून सांगायची. तिच्या स्वतःच्या चुलीवर मात्र चहाखेरीज काही चढत नसे. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर आमच्या राज्यातून गेलं आणि राजधानी तिथून भोपाळला हलली, तेव्हा तर हिनं नव्या राज्याचं बरं व्हावं म्हणून आणखी एक उपास धरला. मी म्हटलं, "मावशी, भोपाळवाले दोन वेळा जेवतात, मग तू का उपाशी?" तिनं मला नास्तिक ठरवलं. तिचा एकुलता एक मुलगा नागपूरच्या कचेरीत होता. तो तिकडच्याच राज्यात राहिला.

एका सकाळी नळावर घागर उचलताना मावशी कोसळली. डॉक्टर म्हणाले, "औषध कसलं लिहू? पोटभर खाल्लं नाही तर ही पुढच्या वेळी उठायची नाही." मी घाबरलो. खरं सांगतो, सख्ख्या मावशीसाठीही एवढा घाबरलो नसतो.

मग मी अक्कल चालवली. व्रत सोडायचं तर उद्यापन हवं. गुरुजींना बोलावून तिच्या सोमवारांचं रीतसर उद्यापन केलं. मावशीनं पाच जणांना आग्रह करकरून वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले आणि पुढच्याच सोमवारी नवं व्रत धरलं. माझी बायको पोट धरून हसली.

हसून झाल्यावर तीच शहाणी निघाली. दुसऱ्या दिवशी परात घेऊन मावशीकडे गेली. "आमची चूल फार धुरावतेय. तुमच्याकडे भाकरी भाजू का?"

"भाज की. पीठ बी माझंच घे," म्हणत मावशीनं डब्यात हात घातला आणि तशीच थांबली. "एकटीपुरतं पीठ मले काढताच येत नाही, बाई. हाताला भरल्या घराची सवय. थोडंच घेते म्हणते अन् सहा भाकरी होतात. एक खायची, पाच झाकून ठेवायच्या. त्या टोपलीकडे पाहवत नाही मले. त्यापेक्षा उपास बरा."

बायकोनं मलाही जेवायला हाक मारली. ज्वारीच्या सहा भाकरी झाल्या, तुरीचं वरण झालं. मावशी नुसतीच वाढत होती. बायकोनं हात धरून तिला पाटावर बसवलं. वार कोणता ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मावशी सावकाश जेवली, दोन भाकरी जेवली. मग टोपलीवरचं फडकं उचलून आत पाहिलं.

"सरल्या गं," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "किती वर्षांनी सरल्या."