आण्णा दोन शब्द बोलतील

आमच्या कृष्णाकाठच्या गावात माणूस गेला की पहिला फोन पाहुण्यांना जातो आणि दुसरा आण्णांना. आण्णा म्हणजे फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. सावडायच्या दिवशी नदीवर रक्षाविसर्जन झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात, ही आमच्या भागातली रीतच आहे. भाषणं लांबली की नैवेद्यासाठी आलेले कावळेसुद्धा कंटाळून उडून जातात. आण्णा उठले तर मात्र कावळेही ऐकत बसतात, असं गावात म्हणतात.

गेलेल्या माणसाला ते ओळखत असलेच पाहिजेत असं नाही. "वळख लागत न्हाई गड्या, इस्वास लागतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि तो इस्वास तोंडानं नव्हे, अंगानं मिळवायचा. हात उघडे ठेवायचे. नजर शेवटच्या रांगेवर. आवाज घरात बोलल्यासारखा. मागं राहिलेल्यांचं नाव आलं की एक आवंढा, मग थांबून चष्मा काढायचा आणि टॉवेलच्या टोकानं पुसायचा. "चष्मा काढला की बाया हुंदका देत्यात. बघ तू." आणि खरोखर देत.

ग्रामपंचायतीला उभे राहणारे त्यांच्या ओट्यावर शिकायला यायचे. एका उमेदवारानं हात पाठीमागं बांधून सुरुवात केली तर आण्णा ओरडले, "हात म्होरं घे! मागं हात बांधल्याला माणूस काय तरी लपवतोय, ह्ये शेंबडं पोरगंबी वळखतंय." नदीवर एक पुढारी खिशात हात घालून बोलला, त्याच्याबद्दल म्हणाले, "दुक खिशात ठिवून आलाय."

आण्णांची परीक्षा घ्यायच्या त्या मात्र मामी, म्हणजे त्यांची बायको. मामी दारात मेथी निवडत बसायच्या आणि आण्णा समोर उभे राहून भाषणाची तालीम करायचे. मामी मान वर न करताच म्हणायच्या, "आवं, पटंना."

"अगं, वर बघ की जरा!"

"ऐकू येतंय की मला."

आण्णा पुन्हा पहिल्यापासून. "पटलं" आलं की मगच पायात चपला. फौजेतल्या कुठल्या साहेबाला भ्याले नसतील इतके ते त्या 'पटंना'ला भ्यायचे.

गेल्या थंडीत मामी गेल्या. भाजी निवडता निवडताच गेल्या.

नदीवर भाऊबंद नको म्हणत होते, तरी आण्णा उठले. "माझ्या बायकूवर दुसऱ्यानं कशाला बोलायचं?" हात उघडेच होते. "तिनं मला..." एवढं म्हणाले आणि आवंढा आला. माझ्या पुढच्या माणसानं शेजाऱ्याला कोपर मारलं. "आता चष्मा काढत्यात बघ."

आण्णांनी चष्मा काढला. तो हातातून निसटून दगडावर पडला. त्यांना पुढं बोलता येईना. ते नुसतेच उभे राहिले आणि एकाही बाईनं हुंदका दिला नाही. सगळ्यांनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं! पांगापांग झाली तेव्हा एक जण जवळ येऊन मनापासून म्हणाला, "आण्णा, आजचं लय भारी झालं." त्या बिचाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

चष्मा मी उचलला होता. काच तडकली होती. आजच्या दिवशी त्यांना तेवढं तरी दिसू नये म्हणून मी तो पाठीमागं धरून उभा होतो.

माणसं गेल्यावर आण्णा माझ्याकडं आले. "तुला तरी पटलं का रं?"

"पटलं, आण्णा," मी म्हणालो. आयुष्यात दुसरं काही मला इतकं पटलेलं नाही.

चष्म्याविना त्यांना माझं तोंड नीट दिसलं नसावं. मागं घेतलेले हात दिसले. क्षणभर ते तिकडंच पाहत राहिले.

"असू दे, गड्या," म्हणाले आणि एकटेच घाट चढू लागले.