पिलारबाईंचा अभ्यास

"अहो, पिलारबाई अ‍ॅपच्या तिसऱ्या पायरीवर पोचल्या!" सुनीतीबाई शेजारून धावतच आल्या.

"त्या पोचल्या की तू?" मोरेश्वरराव म्हणाले.

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावातल्या त्यांच्या शेजारीण पिलारबाई मूळच्या स्पेनच्या. स्ट्रोकनंतर त्यांना सगळं समजायचं, पण शब्द ओठांशी येऊन अडायचा. म्हणून घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टने टॅबलेटवर स्पॅनिश अ‍ॅप दिलं होतं. चित्र दिसलं की नाव सांगायचं. नाहीच जमलं तर अ‍ॅप सांगायचं. सुनीतीबाई रोज सोबतीला बसत. पण समोरचं माणूस अडलंय आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. अहो, हळदीकुंकवाला नवी नवरी उखाण्यात अडखळली, तर तिच्या नवऱ्याचं नाव ह्याच घेऊन मोकळ्या व्हायच्या! ऐकून ऐकून त्यांना शब्द पाठ झाले. पिलारबाईंनी तोंड उघडायच्या आत इकडून टेबलाला "मेसा!" नाहीतर चमच्याला "कुचारा!" जायचं. आवाज कुणाचा, हे अ‍ॅपला काय कळणार? बिचारं खूश.

एवढं खूश, की थेरपिस्टचा निरोप आला: प्रगती थक्क करणारी आहे, आता घरी यायची गरज नाही. गुरुवारी शेवटची भेट.

"केलंस ना वाटोळं?"

"मी मदतच करत होते हो!" सुनीतीबाईंचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे बिचारीची शिकवणी बंद होणार?"

"गुरुवारी मी सगळं खरं सांगतो. तू फक्त तोंडाला कुलूप लाव."

गुरुवारी मोरेश्वरराव सांगायला लागणार, तोच थेरपिस्टने चमच्याचं चित्र पुढे केलं. पिलारबाईंचा चेहरा लाल झाला. "कु... कु..." सुनीतीबाईंनी ओढणी तोंडात कोंबली. पुन्हा "कु..." छे! राहवेचना.

"कुचारा!"

पिलारबाईंनी टेबलावर हात आपटला. "कायाते!"

थेरपिस्ट खुर्चीवरून उठलीच. पिलारबाईंच्या तोंडून तिने ऐकलेला हा पहिला अख्खा शब्द! तिने इंग्रजीत अर्थ सांगितला, मोरेश्वररावांनी मराठीत.

"तुला गप्प बस म्हणाल्या."

"मला? अगंबाई, देवच पावला!" सुनीतीबाईंनी पिलारबाईंचे दोन्ही हात धरले. "म्हणा, पुन्हा म्हणा!"

"कायाते! कायाते!" पिलारबाई रडत होत्या, हसत होत्या आणि हात काही सोडत नव्हत्या.

मोरेश्वररावांनी सगळा गुन्हा कबूल केला. थेरपिस्ट पोट धरून हसली. भेटी चालूच राहतील म्हणाली, आणि सोबतीला ह्याच बाई हव्यात, असंही वर सांगितलं.

मोरेश्वररावांनी पिलारबाईंपुढे हात जोडले. "बाई, तुमचे फार उपकार झाले. उभ्या जन्मात हिला हे म्हणायची माझी हिंमत झाली नाही."