खैरनारांचा सुटलेला टायमर

खैरनार टपरीवर चहासुद्धा अटीवर सांगतात. "दोन कटिंग. पाच मिनिटांत आला नाही तर रद्द समज." आणि पाच मिनिटं झाली की चहावाला समोरून ग्लास घेऊन येत असला तरी ते उठून चालू लागतात.

अंबडच्या आमच्या कंपनीत पंपांची कंट्रोल पॅनल बनतात. प्रोग्राम खैरनार लिहितात, मी ते तपासते. पंप चालू झाल्यावर ठरल्या वेळात पाणी आलं नाही तर भोंगा वाजव, असं प्रोग्रामला सांगून ठेवावं लागतं. तो काही वाट बघत बसत नाही. बाकीची कामं करतो आणि वेळ झाली की भोंगा वाजवतो. म्हणून पाणी आलं की तो टायमर आठवणीने रद्द करायचा. टायमर लावताना त्याचा एक नंबर मिळतो, त्या नंबरानेच तो रद्द होतो. नंबर हरवला की भोंगा वाजणारच.

नवीन लागलेल्या तन्वीने एकदा असाच नंबर हरवला. खैरनार तिच्या खुर्चीमागे उभे.

"लावला कोणी?"

"मी, सर."

"मग काढणार कोण? तुझे पप्पा?"

आठवडाभर तिला हेच.

माणसांनाही त्यांचा हाच कायदा. "रविवारी तुमच्याकडे जेवायला येतोय, मॅडम. शनिवारपर्यंत नको म्हटलं नाहीत तर पक्कं." मी साफ विसरले. ते आले, दारात चपला काढता काढता म्हणाले, "तुम्ही रद्द केलं नाहीत." पोटभर जेवले आणि माझी भांडी घासून गेले.

मागच्या महिन्यात एका रविवारी मेसेजच्या आवाजाने मला जाग आली.

"मी खैरनार. आज मी टायमर रद्द केलेला नाही. किल्ली मीटरच्या पेटीमागे आहे. आधी गॅस बघा."

लग्न न केलेला माणूस, इंदिरानगरात एकटा राहतो. फोन लावला, उचलेना. गाऊनवर ओढणी घेतली आणि स्कूटर काढली. वाटेतला सिग्नल पाळला नाही.

लॅच उघडून आत शिरले तर रेडिओ मोठ्याने चालू आणि खैरनार बेसिनपाशी, गालांना साबण लावून.

"मॅडम? तुम्ही?"

"जिवंत आहात का बघायला आले." मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

ते तसेच लॅपटॉपकडे धावले. जरा वेळाने म्हणाले, "रोज रात्री लावतो, सकाळी उठलो की रद्द करतो. नाही केला तर तुम्हाला मेसेज जातो. काल दोनदा लावला. दुसऱ्याचा नंबर पहिल्याच्या जागी बसला. पहिला सुटला." मग हळूच, "तन्वीला सांगू नका."

"दोनदा कशाला?"

"तुम्ही काल ऑफिसात म्हणालात ना, रविवारी तरी मला कोणी उठवू नका. म्हणून तुमचं नाव काढून नवा लावला. जुना रद्द करायचा राहिला."

"मग नवा मेसेज कोणाला जातो?"

खैरनार टॉवेलने गाल पुसू लागले. "कोणालाच नाही. दुसरं नाव सुचेना."

मी खुर्ची ओढून बसले. "तो नवा काढून टाका. जुनाच परत लावा. माझ्यासमोर."

ते टाइप करू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "रविवारचा जरा उशिरा ठेवतो, मॅडम. नऊचा लावू?"

"आणि नऊपर्यंत तुम्ही तसेच पडून राहणार? सातचा लावा."